काचेवर लिहिलेलं कुठे गेलं? टॅब, स्टायलस आणि माझ्या हरवलेल्या नोट्स

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमेल तेवढे काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? अभ्यासिकेत बसून ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा, शेजारचा बघतोय तुमच्याकडे.

गेले काही आठवडे तुमच्याकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, नोट्ससाठी टॅब घेऊ का? आणि स्टायलस कुठला घेऊ?" हे खरं तर दोन प्रश्न आहेत. दुसरा सोपा आहे. त्याचं उत्तर दहा मिनिटांत देता येतं, आणि आज देणार आहे. पहिल्याचं उत्तर द्यायचं तर मला माझी एक फजिती सांगावी लागेल. ती मी इथे कधी सांगितली नव्हती. दादा, तू ऐकत असशील तर हो, तीच.

टॅब आला त्याची गोष्ट

मी तेव्हा पुण्यात यूपीएससीचा अभ्यास करत होते, मराठी माध्यमातून. अभ्यासिकेत माझ्या वाट्याला एक टेबल, एक दिवा आणि खाली एक कप्पा. कप्प्यात वह्या मावेनात म्हणून खुर्चीखाली पिशवी, पिशवीत झेरॉक्स. माझा मोठा भाऊ चाकणला कंपनीत आहे. एका रविवारी तो भेटायला आला, तो पसारा बघितला आणि म्हणाला, "अगं, यातलं एखादं पान शोधायचं असेल तर काय करतेस?" मी म्हटलं, "रडते." तो हसला. पुढच्या महिन्यात टॅब घेऊन आला, पेनासकट. बारा हप्त्यांवर. बॉक्स हातात देताना एवढंच म्हणाला, "हप्त्याचं मी बघतो, अभ्यासाचं तू बघ."

पहिले दोन महिने मी हवेत होते, खरंच. पीडीएफवरच लिहायचं, नकाशा मोठा करून त्यात नद्या काढायच्या, चुकलं की दोन बोटांनी टकटक केली की पुसलं. अनडू! वहीत चूक झाली की खाडाखोड दिसायची, इथे पान कायम स्वच्छ. मग मला सवयच लागली. शीर्षकाला एक रंग, व्याख्येला दुसरा, उदाहरणाला तिसरा. अक्षर वाकडं आलं की अनडू, परत लिही, परत अनडू. एक पान चाळीस मिनिटं. पण दिसायला काय सुंदर! मैत्रिणी फोटो काढून घ्यायच्या. आणि मला वाटायचं, पान एवढं छान झालंय म्हणजे अभ्यासही छान झाला.

जूनमध्ये पूर्वपरीक्षेचा निकाल लागला. पास झाले. मुख्य परीक्षा सप्टेंबरात. आणि निकालानंतर आठच दिवसांनी टॅब चालू होता होता लोगोवर अडकला. बंद केला, चालू केला, रात्रभर चार्जिंगला लावला, काही नाही. दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. तिथला मुलगा म्हणाला, "रीसेट मारावा लागेल मॅडम. आतलं सगळं जाईल. बॅकअप आहे ना?"

मी म्हटलं, "आहे की."

कारण नोट्सच्या ॲपमध्ये कोपऱ्यात तो छोटा ढग दिसायचा ना! मला वाटायचं, ढग आहे म्हणजे सगळं वर गेलेलं आहे. टॅब चालू झाला, ॲप परत टाकलं, लॉगिन केलं. नोट्स आल्या. डिसेंबरपर्यंतच्या. त्यापुढे काहीच नाही. झालं असं होतं की माझ्या खात्यातली मोफत जागा जानेवारीत भरली होती. फोनमधले फोटो, घरच्या लग्नाचे व्हिडिओ, सगळं त्याच खात्यात जात होतं. जागा संपली आणि बॅकअप गुपचूप थांबला. अगदी गुपचूप म्हणता येणार नाही, सूचना येत होती. मी ती रोज अंगठ्याने बाजूला सारत होते.

पाच महिने. मुख्य परीक्षेच्या जवळजवळ सगळ्या नोट्स. वाचल्या त्या फक्त एका मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफ, सगळ्या मिळून तीसेक पानं.

मी चार दिवस दादाला सांगितलं नाही. हप्ते अजून चालू होते, कसं सांगणार? शेवटी फोन केला.

"दादा, टॅब सुरू झाला रे. पण आतलं सगळं गेलं."

"सगळं म्हणजे?"

"जानेवारीपासूनचं."

बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं आता ऐकावं लागणार. मग म्हणाला, "बरं. आमच्याकडे मशीन बंद पडलं ना, तर पहिल्यांदा काय शिल्लक आहे ते मोजतात. टॅबमधलं गेलं. तुझ्या डोक्यात किती उरलंय ते आधी मोज. रडायचं ते नंतर."

डोक्यातलं मोजलं तेव्हा

दुसऱ्या दिवशी मी कोरे फुलस्केप आणले. अभ्यासक्रमाची यादी समोर ठेवली. एका कागदावर एक विषय, वर नाव लिहायचं, दहा मिनिटं लावायची आणि आठवेल ते लिहायचं. पुस्तक उघडायचं नाही.

पहिला विषय घेतला मान्सून. आता मान्सूनचं माझं पान हे माझं सगळ्यात देखणं पान होतं. निळे बाण, करडे ढग, पश्चिम घाट हिरवा. दहा मिनिटांत मला काय आठवलं? निळे बाण. ढग कोणत्या कोपऱ्यात काढला होता ते आठवलं. वारे दिशा का बदलतात, तिबेटच्या पठाराचा काय संबंध, जेट प्रवाह कुठून कुठे सरकतो, यातलं काहीही सलग लिहिता येईना. रंग आठवत होते, कारण मी लक्ष रंगांकडेच दिलं होतं.

मग वित्त आयोग घेतला. तर पान भरलं! कलम २८०, राष्ट्रपती नेमतात, दर पाच वर्षांनी किंवा गरज पडली तर त्याआधी, केंद्र आणि राज्यांत कराची वाटणी कशी, शिफारशी म्हणजे नक्की काय. हे कसं काय आठवलं? विचार केला तर लक्षात आलं, हा विषय मी माझ्या रूममेटला समजावला होता. तिला कळत नव्हतं म्हणून एका पानावर रेघोट्या मारत, तीनदा वेगवेगळं उदाहरण देत. ते पान इतकं घाण होतं की मी ते जपूनही ठेवलं नव्हतं.

असं एकेक करत आठवडाभर केलं. आणि चित्र स्पष्ट झालं. जे स्लाइडवरून छान अक्षरात उतरवलं होतं ते टॅबबरोबर गेलं. जे स्वतःच्या शब्दांत मांडायला लागलं होतं, कुणाला सांगायला लागलं होतं, चुकत चुकत लिहिलं होतं, ते राहिलं. म्हणजे टॅब बिघडला नसता तरी ती सुंदर पानं माझी नव्हतीच. ते मला सप्टेंबरात परीक्षा हॉलमध्ये कळलं असतं, एवढाच फरक.

मग हाताने लिहिलेलं लक्षात राहतं, हे खोटं?

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, "ताई, पण हाताने लिहिलं की मेंदू जास्त चालतो, असं संशोधन आहे ना?" आहे. पण ते नीट बघू या, कारण रील्समध्ये ते अर्धंच सांगतात.

२०१४मध्ये अमेरिकेत म्युलर आणि ओपनहायमर या दोघांचा एक अभ्यास आला. विद्यार्थ्यांना भाषणांचे व्हिडिओ दाखवले. काहींनी लॅपटॉपवर नोट्स घेतल्या, काहींनी हाताने. लॅपटॉपवाल्यांनी जास्त शब्द लिहिले, पण ते वक्त्याचेच शब्द जसेच्या तसे टाइप करत होते. समज तपासणाऱ्या प्रश्नांत ते मागे पडले. हाताने लिहिणाऱ्याला तेवढा वेग नसतो, म्हणून तो निवडतो, गाळतो, आपल्या शब्दांत आणतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे २०१९मध्ये दुसऱ्या गटाने हाच प्रयोग परत केला, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक पाटीवर पेनाने लिहिणाऱ्यांचाही एक गट घेतला. तेव्हा हा फरक तितका ठळक दिसला नाही.

२०२४च्या सुरुवातीला नॉर्वेतला एक अभ्यास खूप गाजला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या लहरी मोजल्या. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला संपर्क टाइप करण्यापेक्षा जास्त दिसला. गंमत अशी की त्यात लिहिणं म्हणजे कागदावर नव्हतं, टचस्क्रीनवर डिजिटल पेनाने होतं. म्हणजे स्टायलसवाल्यांना आनंदच. पण थांबा. टाइप करणारे एकाच बोटाने टाइप करत होते, आणि नंतर कुणाला किती आठवतं याची परीक्षा त्या प्रयोगात नव्हती. म्हणून "स्टायलस घ्या, मार्क वाढतील" असा अर्थ त्यातून निघत नाही.

मला यातून एवढंच कळलं: पेन हातात असणं महत्त्वाचं नाही, गाळणं महत्त्वाचं. हात हळू चालतो म्हणून डोक्याला गाळावं लागतं. आणि टॅब नेमकं काय करतो? तो ती अडचण काढून टाकतो. स्क्रीनशॉट घे, चिकटव, रंग दे, पुढच्या पानावर जा. पेन हातात असूनसुद्धा आपण उतरवणारेच राहतो. नकलनवीस.

अजून एक प्रयोग सांगते, मग संशोधन बंद. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे. एका आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. मी त्या फुलस्केपांवर नकळत हेच करत होते, फक्त सहा महिने उशिरा.

परीक्षा हॉलमधली दोन बोटं

सप्टेंबर आला. मुख्य परीक्षा. सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात २० प्रश्न असतात, वेळ तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटं. निम्म्या प्रश्नांना १५० शब्द, निम्म्यांना २५०. सगळं लिहिलं तर चार हजार शब्द होतात. आणि एका दिवसात असे दोन पेपर, सकाळी एक, दुपारी एक.

सकाळचा पेपर सुरू झाला. तिसऱ्या उत्तरात एक शब्द चुकला आणि मी काय केलं माहितीये? उत्तरपत्रिकेवर दोन बोटांनी टकटक केली. (हसते.) खरंच! शेजारचा मुलगा बघत होता. आज हसायला येतं, तेव्हा पोटात गोळा आला. वर्षभर मी अशा पानावर लिहिलं होतं जिथे चूक पुसली जाते. इथे ती राहते, आणि तिच्यासकट पुढे जावं लागतं.

दुपारच्या पेपरात हात दुखायला लागला. काचेवर पेन आपोआप घसरतं, दाबावं लागत नाही. बॉलपेनला दाब लागतो, कागद ओढतो. सलग तीन तास दाबून लिहायची सवयच राहिली नव्हती. शेवटचे तीन प्रश्न सुटले. येत होते, पण हात पोचला नाही.

त्या वर्षी माझं नाव यादीत आलं नाही. टॅबमुळे आलं नाही असं मी म्हणणार नाही, ते सोपं होईल. तीन प्रश्न सोडून बाकीच्यांचं उत्तर माझ्याकडेच आहे. पण ज्यांची परीक्षा कागदावर आहे त्यांना मी आता हात जोडून सांगते: नोट्स कशावरही काढा, उत्तरांचा सराव कागदावरच करा. पेनाने, घड्याळ लावून. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे त्या मुलामुलींनाही हे लागू आहे.

मग टॅब कशाला घ्यायचा?

नाही नाही, मी टॅबच्या विरोधात नाही. माझा टॅब अजून माझ्याकडे आहे, या भागाचे मुद्दे त्यावरच लिहिलेत. काही कामांत त्याला तोड नाही.

एक, पीडीएफ. शंभर पानांचा अहवाल झेरॉक्स न काढता वाचायचा आणि समासात स्वतःचा प्रश्न लिहायचा. दोन, आकृत्या आणि नकाशे. जीवशास्त्र, इंजिनिअरिंग ड्रॉइंग, रसायनातल्या रचना, कीबोर्डवर हे होतच नाही. तीन, पानं हलवणं. फेब्रुवारीत लिहिलेल्या विषयात जुलैत नवीन मुद्दा आला तर मधे जागा करता येते. चार, गणित. समीकरण हाताने लिहिण्यासारखं सुख नाही.

पण यासाठी मी चार नियम केलेत. लेक्चर चालू असताना एकच रंग, काळा. दुसरा रंग फक्त उजळणीच्या वेळी, तोही जिथे अडलं तिथेच. स्क्रीनशॉट चिकटवला तर त्याखाली माझ्या शब्दांत दोन ओळी, नाहीतर स्क्रीनशॉट काढून टाकायचा. अनडू फक्त आकृतीत, लिखाणात चुकलं तर सरळ रेघ मारायची. आणि पानाच्या डाव्या बाजूला एक पट्टी मोकळी ठेवायची, तिथे दुसऱ्या दिवशी प्रश्न लिहायचे, उजवी बाजू झाकायची आणि उत्तर द्यायचं. ही शेवटची पद्धत माझी नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची आहे, कॉर्नेल नोट्स म्हणतात त्याला. टॅबवर त्याचं टेम्प्लेट तयार मिळतं. लोक टेम्प्लेट घेतात आणि डावी पट्टी वर्षभर रिकामी ठेवतात. मीही ठेवली होती.

स्टायलस कुठला? दहा मिनिटांचं उत्तर

ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला, दोन-तीनशे रुपयांचा, टोकाला रबर किंवा पारदर्शक चकती असलेला. हा म्हणजे लांब बोट समजा. पडद्याला पेन आणि बोट यातला फरक कळत नाही, त्यामुळे तळहात टेकला की त्याचीही रेघ उमटते. हात अधांतरी धरून एक पान लिहून बघा, खांदा सांगेल. सही करायला, आकृती गिरवायला ठीक. नोट्ससाठी घेऊ नका.

दुसरा, बॅटरी असलेला. त्याचं टोक स्वतः पडद्याला सिग्नल पाठवतं, म्हणून टॅबला पेन कुठलं आणि तळहात कुठला ते कळतं. ॲपल पेन्सिल यातली. पण प्रत्येक पेन्सिल प्रत्येक आयपॅडवर चालत नाही, जोडी बघूनच घ्या. २०२३ची यूएसबी-सी पेन्सिल तुलनेने स्वस्त आहे, पण तिला दाब कळत नाही, म्हणजे जोरात दाबलं म्हणून रेघ जाड होत नाही. चित्र काढणाऱ्याला ते खटकेल. नोट्स काढणाऱ्याला काही फरक पडत नाही. हप्ता वाढवून दाबाच्या मागे लागू नका.

तिसरा, ज्याला लिहायला बॅटरीच लागत नाही. सॅमसंगच्या एस पेनमध्ये हे तंत्र आहे, २०११च्या गॅलक्सी नोटपासून. पडद्याखालचा एक थर चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि पेनातल्या छोट्या कॉइलला त्यातूनच वीज मिळते. पेन कप्प्यात सहा महिने पडून राहिलं तरी काढलं की लिहितं. ज्या टॅबच्या बॉक्समध्येच पेन येतं त्यात खर्चाचा हिशेब सोपा होतो.

दुकानात गेलात तर गोल गोल रेघा काढून बघू नका. आपलं नाव, पत्ता आणि एक पूर्ण मराठी परिच्छेद लिहा. तळहात टेकवून. कारण देवनागरीची परीक्षा वेगळी आहे. इंग्रजी सलग वाहतं, आपण सारखं पेन उचलतो: वेलांटी, मात्रा, अनुस्वार, वर शिरोरेषा. स्वस्त पेन नेमकं छोटा टिंब खातं. आणि आपल्याकडे एक टिंब गेलं की 'चिंता'ची 'चिता' होते! लिहिताना टिंब नुसतं टेकवू नका, किंचित फिरवा.

शिरोरेषेची एक युक्ती. टॅबवर रेघांचं पान घ्या, रेघ थोडी गडद करा आणि अक्षरं तिच्या खाली टांगा. छापील रेघच शिरोरेषा होते, वेग वाढतो. ही कल्पना जुनीच आहे. मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ ओढून घ्यायचे आणि मग हात फारसा न उचलता खाली अक्षरं लिहीत जायचे. आपले पूर्वज वेगात नोट्स घ्यायचे, असं समजा.

आणि पानाचं शीर्षक मात्र कीबोर्डने टाइप करा, देवनागरीत. हाताने लिहिलेला 'वित्त आयोग' शोधात सापडेल न सापडेल, टाइप केलेलं नाव हमखास सापडतं.

ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, आणि आपले बहुतेक ऐकणारे तेच आहेत, त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. वहीत लिहा आणि महिन्याला फोनने स्कॅन करा. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनचं बटण आहे, आयफोनच्या नोट्स ॲपमध्येही आहे. सलग पानांची एक पीडीएफ होते, फाइलला नाव द्या, झालं. कागदाचा सरावही होतो आणि पिशवीही हलकी होते. त्या जूनमध्ये माझ्याकडे एवढं असतं तरी पुरलं असतं.

ढगावर विश्वास ठेवू नका, उघडून बघा

शेवटचं. नोट्सच्या ॲपची फाइल त्याच ॲपमध्ये उघडते. ॲप बंद झालं, वर्गणी संपली, खातं भरलं, की तुमचं अक्षर आत अडकतं. पीडीएफ कुठेही उघडते. म्हणून महिन्याच्या एक तारखेला, दादाच्या हप्त्याच्या दिवशी, मी सगळ्या वह्यांची पीडीएफ काढते. एक प्रत टॅबमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन. ऑनलाइन जागा किती उरली तेही तेव्हाच बघायचं. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी असतात, आणि त्यात मेल, फोटो आणि ड्राइव्ह तिघांची वाटणी असते. फोटोंनी जागा खाल्ली की नोट्स उपाशी.

आणि बॅकअप झाला असं मानायचं नाही. मैत्रिणीच्या फोनवर फाइल उघडायची आणि शेवटचं पान बघायचं. कालची तारीख दिसली तर बॅकअप आहे. नाही दिसली तर फक्त ढगाचं चित्र आहे.

तर परत पहिल्या प्रश्नावर. टॅब घेऊ का? पैसे असतील, पीडीएफ आणि आकृत्या भरपूर असतील तर घ्या. अक्षर सुधारेल, आठवण वाढेल, या आशेने कर्ज काढून घेत असाल तर थांबा. स्टायलस लिहिणं सोपं करतो. लक्षात ठेवण्याचं काम सोपं होत नाही, ते तसंच राहतं. जिथे तो अडचण काढून घेतो तिथे आपली आपल्याला ती परत घालावी लागते.

आज रात्री एक करून बघा. तुमच्या नोट्समधलं तुम्हाला सगळ्यात आवडणारं पान निवडा. सगळ्यात सुंदर. त्याचं नाव एका कोऱ्या कागदावर लिहा, टॅब पालथा ठेवा, दहा मिनिटं लावा आणि आठवेल ते लिहा. मग दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा. कागदावर जेवढं आलं तेवढंच तुमचं आहे. कमी आलं तर घाबरू नका, माझं तर निळे बाण एवढंच आलं होतं. पण आज कळलं तर हातात वेळ आहे.

आणि दादा, शेवटचा हप्ता तूच भरलास हे मला माहीत आहे. टॅब अजून चालतोय. बॅकअपसुद्धा, कालच तपासला.

चला, भेटू पुढच्या भागात. पान किती भरलं ते मला नक्की कळवा. तोपर्यंत, अच्छा!